जुन्या लॅपटॉपचे अडखळते चित्र आणि हरवलेला आवाज

घरातील सहा-आठ किंवा दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप पत्रे टंकलिखित करतो, वीजबिल भरतो, ई-मेल पाठवतो. पण मुलीच्या लग्नाची चित्रफीत लावली की चित्र धापा टाकू लागते. कधी चित्र पुढे जाते आणि आवाज मागे राहतो, कधी पडदा काळा राहून नुसताच आवाज ऐकू येतो, तर कधी सारे सुरळीत दिसूनही आवाजाचा पत्ता नसतो. दुकानात नेल्यावर ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘आता नवाच घ्या’ असा निकाल मिळण्याची शक्यता मोठी असते. प्रत्यक्षात यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ यंत्राच्या बिघाडात नसून मांडणीत, ड्रायव्हरमध्ये किंवा चित्रफितीच्या प्रकारात असते. दोष नेमका कुठे आहे हे ओळखता आले तर नव्या लॅपटॉपचे तीस-चाळीस हजार रुपये वाचू शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बिघडत चाललेल्या हार्ड डिस्कवरील किंवा जुन्या सीडीवरील आठवणी वेळीच वाचवता येतात.

आधी दोषाची जागा शोधावी

उपाय सुरू करण्यापूर्वी तीन साध्या चाचण्या कराव्यात. पहिली चाचणी फाइलची. एकच चित्रफीत अडखळते की सगळ्याच, हे पाहावे. एकच अडखळत असेल तर दोष त्या फाइलमध्ये किंवा तिच्या प्रकारात आहे. दुसरी चाचणी जागेची. लॅपटॉपवर साठवलेली फाइल नीट चालते, पण इंटरनेटवरील चित्रफीत थांबत थांबत चालते, असे असेल तर संशय जोडणीवर किंवा ब्राउझरवर घ्यावा. तिसरी चाचणी आवाजाची. लॅपटॉपचे स्पीकर, तारेचा हेडफोन आणि शक्य असल्यास ब्लूटूथ किंवा यूएसबी हेडफोन अशा तिन्ही मार्गांनी आवाज येतो का, हे तपासावे.

या तीन उत्तरांवरून निम्मे निदान होते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा. पाच ठिकाणी एकदम हात घातला तर कशाने फरक पडला हे कळत नाही आणि पूर्वस्थितीवर येणेही कठीण होते.

चित्र अडखळण्यामागचे गणित

चित्रफीत म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस स्थिर चित्रांची मालिका. १९२० गुणिले १०८० बिंदूंची चित्रे सेकंदाला २५ या वेगाने जशीच्या तशी साठवायची ठरवली तर दर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट जागा लागेल. म्हणून चित्रफिती आकुंचित करून साठवल्या जातात आणि पाहताना उलगडल्या जातात. आकुंचनाच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. फाइलच्या नावापुढील एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही अक्षरे केवळ डब्याचे नाव सांगतात. डब्यात काय भरले आहे ते कोडेकवरून ठरते. त्यामुळे दोन एमपी४ फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, यात नवल नाही.

‘एच.२६४’ हा आजही सर्वाधिक चालणारा कोडेक २००३ मध्ये प्रमाणित झाला. त्यानंतर २०१३ मध्ये ‘एचईव्हीसी’ अर्थात एच.२६५ आणि गुगलचा ‘व्हीपी९’ आले, तर २०१८ मध्ये ‘एव्ही१’ आला. नवा कोडेक तेवढ्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवतो. मात्र त्याची किंमत उलगडण्याच्या श्रमात मोजावी लागते. हे श्रम करण्यासाठी प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स चिपमध्ये स्वतंत्र मंडल असते. हे मंडल त्या कोडेकला ओळखत असेल तर काम अल्प विजेत आणि सहज होते. ओळखत नसेल तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळू लागते.

इंटेलच्या प्रोसेसरपुरते बोलायचे तर २०११ पासूनच्या प्रचलित लॅपटॉपमध्ये एच.२६४ साठी अशी सोय आहे. एचईव्हीसीची साधी, म्हणजे ८ बिटची आवृत्ती २०१५ च्या सहाव्या पिढीपासून, तर १० बिटची आवृत्ती आणि व्हीपी९ यांची पूर्ण सोय २०१६ मध्ये आलेल्या सातव्या पिढीपासून मिळते. एव्ही१ साठी २०२० ची अकरावी पिढी यावी लागली. म्हणजेच २०१२ च्या लॅपटॉपवर जुना चित्रपट सुरेख दिसतो आणि नव्या मोबाइलवर काढलेली नातवाच्या बारशाची चित्रफीत मात्र अडखळते, तेव्हा लॅपटॉप बिघडलेला नसतो. त्याला ती भाषाच अवगत नसते.

फाइलमध्ये कोणता कोडेक आहे हे ‘व्हीएलसी’ या विनामूल्य प्लेअरमध्ये कळते. चित्रफीत सुरू करून कंट्रोल आणि जे या कळा एकत्र दाबल्या की माहितीची चौकट उघडते. त्यातील ‘कोडेक’ या भागात चित्राचा व आवाजाचा प्रकार, बिंदूंची संख्या आणि सेकंदाला किती चित्रे हे दिसते. ‘स्टॅटिस्टिक्स’ या भागात किती चित्रे गळाली ते दिसते. गळालेल्या चित्रांचा आकडा सतत वाढत असेल तर उलगडण्याचे काम यंत्राला झेपत नाही, हे निश्चित समजावे.

मोबाइलच्या चित्रफिती

अशा वेळी दोन मार्ग आहेत. पहिला, चित्रीकरणापूर्वीच मोबाइलची मांडणी बदलणे. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईव्हीसीची सोय आली. कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’ या भागात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडल्यास चित्रीकरण एच.२६४ मध्ये होते. अनेक अँड्रॉइड मोबाइलच्या कॅमेऱ्यातही असा पर्याय असतो. घरगुती समारंभासाठी ‘४के’ऐवजी १०८० बिंदूंचे चित्रीकरण निवडावे, ४के चित्रात त्याच्या चौपट बिंदू असतात आणि तेवढाच भार वाढतो.

दुसरा मार्ग रूपांतराचा. ‘हँडब्रेक’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर किंवा व्हीएलसीमधील ‘कन्व्हर्ट’ ही सोय वापरून फाइल एच.२६४ मध्ये आणि ७२० बिंदूंच्या उंचीवर उतरवता येते. जुन्या लॅपटॉपवर हे काम काही तास चालू शकते, म्हणून ते रात्री लावावे किंवा एखाद्या नव्या संगणकावर करून आणावे. रूपांतर केल्यानंतर मूळ फाइल पुसू नये. रूपांतरात दर्जा थोडा घटतो आणि पुढे नवा लॅपटॉप आला की मूळ फाइलच उपयोगी पडते.

उष्णता, वीज आणि हार्ड डिस्क

चित्रफीत पहिली दहा मिनिटे नीट चालते आणि मग अडखळू लागते, असे असेल तर संशयाची सुई उष्णतेकडे वळते. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. वर्षानुवर्षे साचलेली धूळ पंख्याची जाळी बुजवते आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळून जातो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवल्यास खालची हवेची वाट बंद होते. तो टणक पृष्ठभागावर ठेवून फरक पडतो का पाहावे. पडला, तर जाणकाराकडून पंखा साफ करून लेप बदलून घ्यावा.

विजेचीही एक गंमत आहे. ‘पॉवर सेव्हर’ ही मांडणी चालू असेल तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. काही लॅपटॉप चार्जर नीट ओळखता आला नाही, किंवा बॅटरी काढून ठेवली, तरी वेग घटवतात. मूळ चार्जर बिघडल्यावर कमी वॅटचा स्वस्त चार्जर लावला असेल तर त्याच्यावरील आकडे मूळ चार्जरशी ताडून पाहावेत.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. चित्रफीत चालू असताना त्यात ‘सीपीयू’चा आकडा शंभराजवळ असेल तर दोष उलगडण्याच्या भाराचा. सीपीयू निवांत असून ‘डिस्क’ शंभर टक्के दाखवत असेल तर दोष हार्ड डिस्कचा किंवा पार्श्वभूमीला चाललेल्या एखाद्या कामाचा, उदाहरणार्थ विषाणूविरोधी तपासणीचा. टास्क मॅनेजरमध्ये हा ‘डिस्क’चा रकाना विंडोज ८ पासून दिसतो.

हार्ड डिस्कचा संशय आला तर ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून पाहावी. उतरवताना काम दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल किंवा लॅपटॉपमधून टकटक आवाज येत असेल, तर चित्रपट पाहण्याचा विचार बाजूला ठेवून आधी सर्व महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे हलवाव्यात. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करत राहिल्यास उरलेसुरले हाती लागणेही अवघड होते. विंडोज एक्सपीच्या काळातील यंत्रांत आणखी एक प्रकार आढळतो. वाचनात वारंवार चुका झाल्या की ती प्रणाली डिस्कचा व्यवहार ‘डीएमए’ या जलद पद्धतीवरून ‘पीआयओ’ या संथ पद्धतीवर आणते. मग चित्र आणि आवाज दोन्ही तुटक होतात.

काळा पडदा, हिरवा पडदा

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, याची प्रमुख कारणे दोन. एक म्हणजे प्लेअरकडे आवश्यक कोडेक नसणे. विंडोज १० मधील मूळ प्लेअर एचईव्हीसी फाइलचा आवाज ऐकवतो आणि चित्रासाठी वेगळा विस्तारक मागतो. व्हीएलसीमध्ये बहुतेक कोडेक आधीपासूनच अंतर्भूत असल्याने तेथे हा प्रश्न सहसा येत नाही. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून त्याचा आरंभ झाला. आजही तो मुक्त आणि विनामूल्य आहे.

दुसरे कारण ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरचे. चित्र हिरवे, जांभळे किंवा चौकटी-चौकटींचे दिसत असेल तर चिपने केलेले उलगडण्याचे काम चुकते आहे असे समजावे. व्हीएलसीच्या ‘टूल्स’ मेनूतील ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट/कोडेक्स’ या भागात ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंग’ बंद करून प्लेअर पुन्हा सुरू करावा. उलट, चित्र स्वच्छ पण तुटक असेल तर हाच पर्याय चालू आहे ना, याची खात्री करावी. त्याच भागात एच.२६४ च्या ‘डीब्लॉकिंग फिल्टर’ला वगळण्याचा पर्याय असतो. तो वापरल्यास चित्र किंचित खरबरीत होते, पण दुबळ्या प्रोसेसरवरचा भार कमी होतो.

‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ग्राफिक्स चिपच्या नावाऐवजी ‘स्टँडर्ड व्हीजीए’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे दिसत असेल तर मूळ ड्रायव्हर बसवलेलाच नाही, असा त्याचा अर्थ. विंडोज नव्याने टाकल्यानंतर हे हमखास घडते. लॅपटॉपच्या तळावरील पट्टीवर छापलेला मॉडेल क्रमांक पाहून उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा. ‘सारे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर टाळावीत. ‘ही चित्रफीत पाहण्यासाठी कोडेक उतरवा’ असे सांगणाऱ्या खिडक्यांपासूनही चार हात दूर राहावे. कोडेकचे सोंग घेऊन शिरणारा ‘झ्लॉब’ हा घातक प्रोग्राम २००५ च्या अखेरीस उजेडात आला होता. ती युक्ती जुनी झालेली नाही.

इंटरनेटवरील चित्रफिती

यूट्यूबवरील चित्रफीत अडखळते तेव्हा दोष इंटरनेटचा की लॅपटॉपचा, हे ओळखण्याची सोय तेथेच आहे. चित्रावर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडावे. कोडेकच्या ओळीत ‘एव्हीसी१’ असेल तर एच.२६४, ‘व्हीपी०९’ असेल तर व्हीपी९ आणि ‘एव्ही०१’ असेल तर एव्ही१. गळालेल्या चित्रांचा आकडा वाढत असेल तर लॅपटॉप कमी पडतो आहे. आकडा स्थिर असून चित्र गोल चक्र दाखवत थांबत असेल तर जोडणी संथ आहे.

लॅपटॉप कमी पडत असल्यास चित्राचा दर्जा ४८० किंवा ७२० वर आणावा. तेरा-चौदा इंचांच्या पडद्यावर, विशेषतः व्याख्यान किंवा बातम्या पाहताना, हा फरक फारसा जाणवत नाही. यूट्यूबला एच.२६४ च पाठवण्यास भाग पाडणारी ‘एच२६४इफाय’सारखी पूरके ब्राउझरमध्ये बसवता येतात. ब्राउझरच्या ‘सिस्टिम’ या भागातील ‘ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ एकदा चालू आणि एकदा बंद करून पाहावे. एकाच वेळी वीस टॅब उघडे ठेवण्याची सवय चार जीबी रॅमच्या लॅपटॉपला परवडत नाही.

फ्लॅश प्लेअरवर चालणाऱ्या जुन्या चित्रफिती आता दिसत नाहीत. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवला. त्यामुळे ‘फ्लॅश अद्ययावत करा’ असा संदेश कोठे आलाच तर तो फसवा समजावा. क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून विंडोज ७ वर चालत नाहीत. प्रक्षेपक किंवा जुना मॉनिटर जोडल्यावर ओटीटीवरील चित्रपट काळा दिसत असेल तर तो बहुधा बिघाड नसतो. स्वामित्वहक्काच्या संरक्षणाची व्यवस्था जुन्या उपकरणात नसते, एवढेच.

आवाज गेला कुठे?

आवाज नसल्यास आधी सर्वांत सोपी कारणे तपासावीत. कळफलकावरील आवाज बंद करणारी कळ, प्लेअरमधील आवाजाची पट्टी आणि विंडोजच्या ‘व्हॉल्यूम मिक्सर’मधील त्या त्या सॉफ्टवेअरची पट्टी, या तीन वेगवेगळ्या जागा आहेत. तिन्हीपैकी एक खाली असली तरी शांतता पसरते.

त्यानंतर आवाज कोणत्या वाटेने चालला आहे ते पाहावे. लॅपटॉप एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडला की विंडोज आवाज तिकडे वळवते आणि तार काढल्यावरही कधी कधी तीच निवड कायम राहते. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी कळ दाबून आवाजाची उपकरणे उघडावीत आणि ‘स्पीकर्स’ हे मुख्य उपकरण म्हणून निवडावे. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन सेवा चालू आहेत ना, हेही पाहावे.

हेडफोनमध्ये आवाज येतो आणि स्पीकरमधून येत नाही, अशी तक्रार असेल तर हेडफोनच्या छिद्राकडे लक्ष द्यावे. आत पिन शिरली आहे की नाही हे ओळखणारा एक बारीक स्विच असतो. तो अडकला किंवा गंजला की लॅपटॉपला हेडफोन लावलेलाच आहे असे वाटत राहते. कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, हा दोष उद्भवायला वाव असतो. हेडफोनची पिन दहा-बारा वेळा अलगद आतबाहेर केल्याने अनेकदा स्विच मोकळा होतो. टाचणी किंवा पाणी मात्र आत घालू नये.

हेडफोन लावूनही आवाज पातळ, दूरवरून आल्यासारखा आणि शब्दांविना येत असेल तर मोबाइलचा हेडफोन आणि लॅपटॉपचे छिद्र यांच्या जोडणीत मेळ नाही, असे समजावे. जुन्या लॅपटॉपवर ऐकण्याचे आणि बोलण्याचे छिद्र वेगवेगळे असते, तर मोबाइलच्या हेडफोनच्या एकाच पिनेवर चार पट्टे असतात. दोन्ही छिद्रांना जोडणारी दुहेरी तार बाजारात मिळते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड’च्या भागात पिवळे उद्गारचिन्ह दिसले किंवा उपकरणच दिसले नाही तर ड्रायव्हर पुन्हा बसवावा. विंडोजच्या अद्यतनानंतर आवाज गेला असेल तर त्या उपकरणाच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय जुना ड्रायव्हर परत आणतो. ‘सेफ मोड’मध्ये आवाज नसतोच, तेथे चाचणी करून घाबरून जाऊ नये.

खरखर, तुटक आणि दबका आवाज

आवाजात दर काही सेकंदांनी टिचकी ऐकू येत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून धरतो आणि ध्वनीचा पुरवठा खंडित होतो. वाय-फाय बंद करून पाहावे. टिचकी थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर बदलावा. ‘लॅटन्सीमॉन’ हे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो ते दाखवते. आवाजाच्या उपकरणातील ‘एन्हान्समेंट्स’ बंद करणे हाही साधा आणि गुणकारी उपाय आहे.

आवाज मोठा केल्यावरच फाटत असेल तर स्पीकरचा पडदा फाटलेला असू शकतो. व्हीएलसीमध्ये आवाज शंभर टक्क्यांच्या वर, १२५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. पण जुने चिमुकले स्पीकर सतत अशा ताणाखाली ठेवू नयेत. चित्रपटातील पार्श्वसंगीत दणदणीत आणि संवाद मात्र दबके, अशी तक्रार असेल तर चित्रफितीत आवाजाचे सहा मार्ग असून लॅपटॉपला दोनच स्पीकर असल्याचा तो परिणाम असतो. संवाद बहुतांशी मधल्या मार्गात असतात. व्हीएलसीच्या ‘ऑडिओ’ मेनूत ‘स्टिरिओ’ निवडावे किंवा फाइलमध्ये दुसरा, दोन मार्गांचा आवाज असल्यास तो लावावा.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात आणि व्हिडिओ कॉल सुरू होताच आवाज जुन्या दूरध्वनीसारखा होतो, हाही बिघाड नव्हे. मायक्रोफोन वापरात आला की अनेक जुन्या यंत्रांत हेडफोन ‘हँड्स-फ्री’ पद्धतीवर जातो आणि दर्जा घसरतो. ऐकण्यासाठी ब्लूटूथ आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडल्यास हा प्रश्न सुटतो.

ओठ आधी, शब्द नंतर

चित्र आणि आवाज यांचा मेळ सुटला तर व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळा कामी येतात. शब्द उशिरा येत असतील तर जे दाबावी, लवकर येत असतील तर के. प्रत्येक दाबासरशी ५० मिलिसेकंदांचा फरक पडतो. सुरुवातीला मेळ असून पुढे अंतर वाढत जात असेल तर मात्र या कळा पुरेशा नाहीत. मोबाइलचे चित्रीकरण प्रकाशानुसार सेकंदातील चित्रांची संख्या बदलत असते आणि रूपांतर करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा तेथे गोंधळ होतो. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून मूळ फाइलचे पुन्हा रूपांतर करावे. ब्लूटूथवर मात्र थोडा उशीर स्वभावतःच असतो. तारेच्या हेडफोनवर मेळ जमत असेल तर फाइलला दोष देऊ नये.

लग्नाच्या सीडी आणि जुन्या मोबाइलच्या फाइली

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लग्न-मुंजींच्या चित्रफिती व्हीसीडीवर मिळत. त्यात ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे चित्र असते आणि एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे मावतात. अशी तबकडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये ‘डॅट’ अशा शेवटाच्या फाइली दिसतात. त्या व्हीएलसीवर सरळ चालतात. कितीही जुन्या लॅपटॉपला हे काम जड नाही. तरीही चित्र थबकत असेल तर दोष तबकडीच्या ओरखड्यांचा किंवा वाचकाच्या धूळ बसलेल्या भिंगाचा असतो. तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. मग ती लॅपटॉपवरून थेट पाहण्याऐवजी फाइली हार्ड डिस्कवर उतरवून पाहाव्यात. एका लॅपटॉपने न वाचलेली तबकडी दुसऱ्या वाचकात वाचली जाण्याची शक्यता असते, म्हणून ती लगेच टाकून देऊ नये. घरी जाळलेल्या सीडीवरील रंगद्रव्य काळानुसार विरते. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलण्यासारखे नाही.

दोन हजारच्या दशकातील मोबाइलवरील ‘३जीपी’ फाइलींमध्ये चित्र दिसते आणि आवाज येत नाही, कारण त्यातील आवाज ‘एएमआर’ या प्रकारचा असतो आणि अनेक प्लेअरना तो कळत नाही. व्हीएलसीवर तो बहुधा ऐकू येतो. कॅमेऱ्याची बॅटरी चित्रीकरण संपण्याआधी संपली तर एमपी४ फाइल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते आणि ती लिहायची राहून गेलेली असते. आतले चित्र मात्र बऱ्याचदा शाबूत असते. ती फाइल पुसू नये. त्याच कॅमेऱ्यावर त्याच मांडणीत काढलेली एक चांगली फाइल जवळ ठेवल्यास तिच्या आधारे दुरुस्ती करणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत.

निर्णायक चाचणी

इतके करूनही उलगडा झाला नाही तर दोष यंत्राचा की विंडोजचा, हे ठरवणारी एक चाचणी उरते. किमान आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ‘लिनक्स मिंट’सारखी विनामूल्य प्रणाली उतरवावी, पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर यात पुसला जातो. लॅपटॉप सुरू करताना कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांसारखी कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करावी आणि प्रणाली न बसवता केवळ वापरून पाहावी. हार्ड डिस्कवरील काहीही यात बदलत नाही. तेथे आवाज आला आणि चित्र नीट दिसले तर यंत्र धडधाकट असून दोष विंडोजमध्ये आहे. तेथेही शांतताच असेल तर यंत्रातील बिघाडाचा संशय बळावतो.

दुरुस्ती की नवी खरेदी?

केवळ ध्वनीची चिप किंवा हेडफोनचे छिद्र बिघडले असेल तर काही शे रुपयांत मिळणारे यूएसबी साउंड कार्ड हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली येथे अशा सुट्या वस्तू सहज मिळतात. रॅम वाढवल्याने आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने लॅपटॉप चपळ होतो. परंतु प्रोसेसरला ठाऊक नसलेला कोडेक त्यामुळे कळू लागत नाही. केवळ ४के चित्रफितींसाठी हा खर्च करणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव आहे.

प्रणालीचे वयही ध्यानात घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. एक्सपी किंवा विंडोज ७ असलेला लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून केवळ साठवलेल्या चित्रफिती आणि गाणी यांसाठी वापरणे सुरक्षित. त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. इंटरनेटवर वापरायचाच असेल तर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवणे हा व्यवहार्य पर्याय आहे.

लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, ब्राउझरमधील साठवलेले परवलीचे शब्द पुसावेत आणि ‘फॉरमॅट करावे लागेल’ या वाक्याला लगेच होकार देऊ नये. आवाजाच्या तक्रारीसाठी संपूर्ण डिस्क पुसण्याची गरज क्वचितच असते. पुसलेली डिस्क मात्र भरून येत नाही. निकामी झालेला लॅपटॉप भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे सोपवावा, पण आधी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी.

थोडक्यात

- एकच फाइल अडखळते : कोडेक पाहावा, एच.२६४ मध्ये रूपांतर करावे.
- सगळ्याच फाइली अडखळतात : ग्राफिक्सचा ड्रायव्हर, पॉवर सेव्हर आणि टास्क मॅनेजर तपासावा.
- दहा मिनिटांनंतर अडखळते : पंखा आणि धूळ.
- केवळ इंटरनेटवर अडखळते : दर्जा ७२० वर आणावा, टॅब बंद करावेत.
- चित्र हिरवे किंवा काळे : हार्डवेअर डिकोडिंग बंद करावे.
- आवाज नाही, हेडफोनमध्ये आहे : हेडफोनच्या छिद्रातील स्विच किंवा स्पीकर.
- कुठेच आवाज नाही : मुख्य उपकरणाची निवड, सेवा, ड्रायव्हर, मग पेनड्राइव्हवरील लिनक्स.
- डिस्कमधून टकटक आवाज : सर्व थांबवून आधी फाइली वाचवाव्यात.